उसाच्या खोडव्यात गवताळ वाढ दिसली, आता निरोगी बेणे आणायचे कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाळवा तालुक्यात चार एकर ऊस, वाण को 86032, दोन वर्षे घरचेच बेणे (लागणीसाठी राखलेला ऊस) वापरले, आणि आता खोडव्यात (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेल्या पिकात) शंभरातली दहा-बारा बेटे गवतासारखी झाली आहेत. पाने पांढरट, फुटवे ढीगभर, पण ऊस एकही नाही. जुलैत आडसाली लागण करायची आहे. एक जण म्हणतो टिपरी (लावायचे उसाचे तुकडे) बाविस्टीनमध्ये बुडवून लावा, दुसरा म्हणतो नर्सरीची रोपे आणा, तिसरा म्हणतो घरीच बॅरलमध्ये गरम पाण्याची प्रक्रिया करा. या तिघांपैकी कोणाचे ऐकायचे?

तिघेही वेगवेगळ्या रोगांवरचा उपाय सांगत आहेत, आणि तुमच्या रानात नेमके काय आहे हे अजून कोणी पाहिलेले नाही. म्हणून आधी निदान.

खोडव्यात पाने पांढरी-पिवळी पडण्याचे दुसरे आणि फार साधे कारण म्हणजे लोहाची कमतरता, म्हणजे केवडा. चुनखडीच्या जमिनीत तो हमखास दिसतो. केवड्यात पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो, त्यामुळे पानावर पट्टे दिसतात. फुटव्यांची जाडी मात्र नेहमीसारखीच असते. गवताळ वाढीत सगळे पानच फिकट, अरुंद आणि मऊ पडते, फुटवे दोरीसारखे बारीक निघतात आणि एका बेटात पन्नास-साठ होतात. शंका असेल तर दहा-बारा बेटांना खूण करा आणि अर्धा टक्का फेरस सल्फेटची (लिटरला 5 ग्रॅम) आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारणी घ्या. नवीन पान हिरवे निघाले तर केवडा. काहीच फरक पडला नाही तर गवताळ वाढ धरून चाला. तुम्ही लिहिलेय की त्या बेटांत ऊसच धरला नाही. त्यावरून गवताळ वाढच वाटते, पण फवारणीचा खर्च किरकोळ आहे, खात्री करून घ्या.

आता बाविस्टीनचे बघू. बाविस्टीन म्हणजे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. त्याची बेणेप्रक्रिया करायलाच हवी, पण ती कशासाठी करतो हे माहीत असावे. टिपरीच्या कापलेल्या तोंडातून मातीतली बुरशी आत शिरते आणि टिपरी कुजते. आतून तिला अननसासारखा वास येतो, म्हणून त्याला अननस रोग म्हणतात. ते तोंड कार्बेन्डाझिम झाकते. कीटकनाशकाची जोड दिली की पाचटाखाली लपलेले खवले आणि पिठ्या ढेकूण मरतात. गवताळ वाढ हा रोग करणारा फायटोप्लाझ्मा (जिवाणूसारखा सूक्ष्मजीव) मात्र उसाच्या अन्नवाहिन्यांत असतो, मोझॅकचा विषाणू पेशीत असतो, काणीची बुरशी डोळ्याच्या (कांडीवर कोंब फुटतो त्या जागेच्या) आत बसलेली असते, आणि लाल कुजीची बुरशी कांडीच्या गाभ्यात. दहा-पंधरा मिनिटांच्या बुडवणीचे औषध तिथे पोहोचत नाही. रोगट बेणे कितीही वेळ बुडवले तरी ते रोगटच लागते.

उत्तर प्रदेशात को 0238 चे जे झाले ते याच कारणाने. 2009 मध्ये प्रसारित झालेला हा वाण साखर उतारा आणि उत्पादन दोन्हींमुळे बहुतेक क्षेत्रावर पसरला. पुढे लाल कुजीने त्याची प्रतिकारशक्ती मोडली आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणाऱ्या बेण्याबरोबर रोगही गेला. वरून दिलेल्या औषधांनी तो थांबला नाही, शेवटी वाणच बदलायला लागले.

उष्णता मात्र आत पोहोचते. आपल्याकडे दोन पद्धती चालतात. एक, बाष्पयुक्त उष्ण हवा: 54 अंश सेल्सिअस, अडीच तास, आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर. दुसरी, गरम पाणी: 50 अंश, दोन तास. गवताळ वाढ आणि खोडव्याचा खुजेपणा (ज्याला सगळे आरएसडी म्हणतात) यांवर दोन्ही चांगल्या चालतात, काणीवरही बऱ्यापैकी. मोझॅकवर चालत नाहीत. पिवळ्या पानाच्या विषाणूवर भरवसा ठेवण्यासारख्या नाहीत. लाल कूज गाभ्यात मुरलेली असेल तर उष्णता देऊन बेणे वाचवायचा प्रयत्नच करू नका, ते बेणे बाद.

घरच्या बॅरलला मी स्पष्ट नाही म्हणतो. कारण हिशोबाचे आहे. 200 लिटरच्या बॅरलमध्ये 150 लिटर पाणी 50 अंशांवर आणले आणि त्यात 25 अंशांची 50 किलो टिपरी सोडली की पाणी पाच-साडेपाच अंशांनी उतरते. मग खाली जाळ वाढवायचा. तळाचे पाणी 55 च्या पुढे जाते आणि वरचे 46 वरच राहते. तळातले डोळे शिजतात, वरच्या टिपऱ्यांतला रोग जिवंत राहतो. शिवाय जाड कांडीच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचायला अर्धा तास तरी जातो. म्हणजे वेळ मोजायला सुरुवात पाणी पुन्हा 50 वर आल्यावर करायची, टिपरी सोडल्यावर नाही. थर्मोस्टॅट, पाणी फिरवणारा पंप आणि टाकीत दोन-तीन ठिकाणी थर्मामीटर, एवढे असेल तरच गरम पाणी. एकदोन अंशांची चूक एका बाजूला रोग ठेवते, दुसऱ्या बाजूला डोळा मारते.

कारखान्याकडे उष्ण हवेचे संयंत्र असेल तर ते वापरा. अनेक सहकारी कारखान्यांच्या ऊस विकास विभागाकडे ते असते, फक्त शेतकरी मागत नाहीत म्हणून बंद पडलेले असते. प्रक्रियेसाठी बेणे नऊ-दहा महिन्यांचे, रसरशीत हवे. कोवळे बेणे भाजते. बाहेर काढल्यावर थंड होऊ द्या, मग कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवा आणि शक्यतो 24 तासांत लावा. सगळे काही नीट झाले तरी उगवण घटतेच, म्हणून पंचवीस-तीस टक्के टिपरी जास्त धरा. आणि असे बेणे सगळ्या चार एकरांत लावू नका. ते फक्त बेणेमळ्यासाठी. प्रक्रिया महाग, उगवण कमी, म्हणून थोड्या रानात करायची आणि तिथून वाढवायची. बेण्याच्या मूलभूत, पायाभूत, प्रमाणित या तीन टप्प्यांमागचे कारणही हेच आहे.

तुमच्या परिस्थितीत मात्र मी उष्णतेच्या वाटेलाही जाणार नाही. शंभरातली दहा-बारा बेटे रोगट दिसतात याचा अर्थ न दिसणारी आणखी आहेत. या रानातला एकही ऊस बेण्याला घ्यायचा नाही, चांगला दिसणाराही नाही. फायटोप्लाझ्मा असलेले बेट लागणीत काही महिने धडधाकट दिसते आणि खोडव्यात तोंड काढते. घरच्या बेण्याच्या दोन वर्षांत तुमच्याकडे हेच झालेले आहे.

मग सुरुवात कुठून? उतीसंवर्धित रोपांपासून. उसाच्या शेंड्याच्या अगदी टोकावरचा, मिलिमीटरच्याही आतला वाढबिंदू घेऊन ती करतात. तिथे अन्नवाहिन्या तयार झालेल्या नसतात, म्हणून विषाणू आणि फायटोप्लाझ्मा तिथपर्यंत पोहोचलेले नसतात. उष्णतेला न जुमानणारे मोझॅक आणि पिवळे पान इथे सुटतात. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट अशी रोपे देते, काही खासगी प्रयोगशाळाही देतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची उतीसंवर्धित रोपांसाठी प्रमाणीकरण व्यवस्था 2006 पासून आहे. रोपे घेताना मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आणि विषाणू तपासणीचा दाखला, दोन्ही मागा. उतीसंवर्धित हा शब्द दाखल्याची जागा घेत नाही. मूळ झाड तपासलेले नसेल आणि वाढबिंदूऐवजी मोठा तुकडा घेतला असेल तर रोग बाटलीतही वाढतो.

हिशोब मांडतो, म्हणजे खर्चाची भीती कमी होईल. 5 फूट बाय 2 फूट अंतराने गुंठ्याला 109 रोपे बसतात. दोन गुंठ्यांना 220, नांग्या (रिकाम्या राहिलेल्या जागा) भरायला वीस, एकूण 240 रोपे. एका रोपाला बेण्यालायक आठ ऊस धरा (उतीसंवर्धित रोपांना जास्तच येतात, पण पहिल्या पिढीत ते बारीक असतात आणि पेरे आखूड असते). एका उसाचे दहा चांगले डोळे धरले तर 220 रोपांतून साडेसतरा हजार डोळे. एक डोळा पद्धतीने रोपे केली आणि शंभरातली पासष्ट लावण्याजोगी निघाली तरी सव्वाअकरा हजार रोपे. साडेचार बाय दोन फुटांवर एकराला 4,840 रोपे लागतात. म्हणजे दोन एकर लागून नांग्यांपुरती रोपे उरतात. हेच बेणे दोन डोळ्यांच्या टिपरीने लावले तर एकराला 10,000 टिपरी, म्हणजे 20,000 डोळे लागतात आणि साडेसतरा हजार डोळ्यांत जेमतेम पाऊण-एक एकर होईल. रोपवाटिकेचा कष्ट इथे वसूल होतो.

वेळेचे गणित तुम्हाला आवडणार नाही. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे असावे. जुलै-ऑगस्टच्या आडसालीसाठी बेणेमळा आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागलेला हवा. तुमचा तो महिना गेला. म्हणून चारही एकर यंदाच्या जुलैत एकदम लावायचा हट्ट सोडा. दोन एकर यंदा लावा, त्यासाठी प्रमाणित बेणे बाहेरून घ्या: पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून, कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रातून, वसंतदादाकडून किंवा कारखान्याच्या तपासलेल्या बेणेमळ्यातून. उरलेल्या दोन एकरांत खरिपात सोयाबीन, मागून हरभरा. सप्टेंबरमध्ये दोन गुंठे उतीसंवर्धित रोपे लावा, त्यांचे बेणे पुढच्या जूनमध्ये रोपवाटिकेला तयार होईल आणि दुसरे दोन एकर त्यावर लागतील. कारखान्याची नोंद किंवा घरचा पैशाचा मेळ यामुळे हे जमत नसेल तर चारही एकरांना बाहेरचे प्रमाणित बेणे घ्या, पण दोन गुंठ्यांचा मळा तरीही करा.

या मधल्या काळात जुना खोडवा नीट काढा. ऊस तुटल्यावर रोटाव्हेटर फिरवला की काम झाले असे बहुतेक जण समजतात, पण बुडख्यांचे तुकडे मातीत राहून फुटतात. एक पाणी द्या, तीन आठवडे थांबा, जे कोंब वर येतील ते मुळासकट खणून काढा, पुन्हा एक पाणी आणि पुन्हा तेच. रोगट बुडखा फुटून राहिला तर तुडतुडे त्यावरून नवीन लागणीवर फायटोप्लाझ्मा नेतात.

बेणेमळ्याची जागा निवडताना मी तीन गोष्टी बघतो. आदल्या हंगामात तिथे ऊस नको. दुसऱ्याच्या उसातून वाहून येणारे पाणी तिथे शिरायला नको, कारण लाल कूज आणि मर पाण्याबरोबर येतात. आणि शेजारच्या उसापासून किमान पाच मीटर अंतर हवे. कृष्णाकाठी मोकळे अंतर मिळणे अवघड हे मान्य आहे, तेव्हा निदान शेजारी खोडवा किंवा निडवा (खोडव्यानंतरचे पीक) नाही एवढे तरी बघा. विहिरीजवळ, येता-जाता नजर पडेल अशी जागा सर्वांत चांगली. दोन गुंठेच आहेत, परसबागेसारखी काळजी घेता येते.

रोपे लावताना दुपार टाळा, चारनंतर लावा, लगेच हलके पाणी द्या. ही रोपे हरितगृहातून आलेली, पहिले पंधरा दिवस नाजूक असतात. खत नेहमीपेक्षा सव्वापट नत्राचे, आणि तोडणीच्या महिनाभर आधी एकराला एक पोते युरिया या प्रमाणात (दोन गुंठ्यांना दोन-सव्वादोन किलो) पाण्याबरोबर द्या. त्याने डोळे टवटवीत राहतात आणि उगवण एकसारखी येते. गाळपाच्या उसाला असे उशिरा नत्र देत नाहीत, साखर उतरते. बेण्याला साखर नको, उगवणारा डोळा हवा.

मळ्याची खरी राखण म्हणजे पाहणी. पहिली पाहणी दीड-दोन महिन्यांनी, दुसरी चार महिन्यांनी, तिसरी तोडणीच्या पंधरा दिवस आधी. दोन गुंठ्यांना दर पंधरवड्याला एक फेरी जड नाही, पण या तीन चुकवायच्या नाहीत. पहिल्या फेरीत फिकट, बारीक फुटव्यांची बेटे शोधायची. दुसरीत काणीचा काळा चाबूक आणि कोवळ्या पानांवर मोझॅकचे हिरवे-फिकट ठिपके. मोझॅक बघायला सूर्य पाठीशी ठेवू नका, पान उजेडासमोर धरा. तिसरीत पानाची मधली शीर खालच्या बाजूने पिवळी धमक झाली आहे का ते बघा, ते पिवळे पान. त्याच वेळी वरचे तिसरे-चौथे पान वाळलेला ऊस दिसला तर तो उभा चिरा. आतून लाल, मध्ये आडवे पांढरे पट्टे आणि आंबूस वास असेल तर लाल कूज. बाकी रोगांत रोगट बेट काढून मळा वाचवता येतो, लाल कुजीचे एक बेट सापडले तरी सगळा मळा बेण्यातून बाद करा.

काणीचा चाबूक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत झाका, मग कापा. उघडा चाबूक हलवला तर काळी भुकटी वाऱ्यावर सगळ्या मळ्यात जाते. बेट मुळासकट काढा, जाळा किंवा खोल पुरा. बांधावर टाकू नका, वैरणीलाही नेऊ नका. मावा आणि तुडतुडे दिसू लागले तर इतर उसाला थांबलो असतो तेवढे इथे थांबू नका.

आता ज्या गोष्टीने चांगला मळा एका सकाळी बिघडतो ती. आरएसडीचा जिवाणू उसाच्या रसात असतो आणि कोयत्यावरून जातो. या रोगाला बाहेरून लक्षण नाही. 1944-45 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये तो प्रथम ओळखू आला, तोही खोडवे कारण नसताना खुजे होत गेले म्हणून. पक्क्या उसाच्या बुडाचे पेर धारदार सुरीने उभे कापले तर गाठीजवळ नारिंगी-लाल ठिपके दिसतात, पण ते दिसले नाहीत म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही, खात्री प्रयोगशाळेतच होते. म्हणून बेणे तोडणाऱ्यांना काल दुसऱ्याच्या फडात वापरलेला कोयता घेऊन आत सोडू नका. प्रत्येकाला दोन कोयते द्या. एक हातात, दुसरा पाच टक्के लायसॉल या जंतुनाशकाच्या बादलीत किमान पाच मिनिटे, आणि दर सरीला अदलाबदल. डोळे काढायच्या यंत्राच्या पात्यालाही हेच. लायसॉल नसेल तर उकळते पाणी किंवा जाळावर धरलेले पाते चालते.

बेणे तोडल्यावर पाचट हाताने सोला, कोयत्याने खरडू नका, डोळा दुखावतो. बुडाचा एक तृतीयांश ऊस सोडून द्या, तिथले डोळे जुने आणि कठीण असतात. दोन डोळ्यांची टिपरी करत असाल तर डोळ्याच्या वर कांडीचा एक तृतीयांश आणि खाली दोन तृतीयांश भाग राहू द्या, कारण मुळे फुटेपर्यंत कोंब त्याच रसावर जगतो. कापताना एखाद्या टिपरीचे तोंड लाल दिसले तर तो ऊस पूर्ण बाजूला आणि कोयता लगेच बादलीत.

बुडवणीचे प्रमाण असे: 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि शिफारशीत असलेले कीटकनाशक (मॅलॅथिऑन असेल तर 300 मिली), दहा-पंधरा मिनिटे. सावलीत निथळू द्या. नंतर दुसऱ्या 100 लिटर पाण्यात 10 किलो ॲसिटोबॅक्टर (नत्र पुरवणारे जिवाणू) आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू, त्यात अर्धा तास. क्रम उलटा करू नका आणि दोन्ही एकत्र तर अजिबात नको, बुरशीनाशकात जिवाणू टिकत नाहीत. औषधांच्या शिफारशी बदलत राहतात, खरेदीच्या दिवशी लेबल आणि कृषी सहायकाचे सांगणे बघा.

रोपवाटिकेत 42 किंवा 50 कप्प्यांचे ट्रे, नीट भिजवलेले कोकोपीट, डोळा वर किंवा बाजूला करून ठेवा. ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदाने पाच-सात दिवस घट्ट झाका, कोंब वर आले की लगेच पसरा. पसरायला दोन दिवस उशीर झाला तरी कोंब लांबडे आणि पिवळे होतात. महिनाभरात रोप लावण्याजोगे होते. याच महिन्यात पांढरी, सुईसारखी बारीक निघालेली रोपे काढून नष्ट करा. ती नंतर सुधारत नाहीत.

राहिली विकतची रोपे. वाईट नाहीत, पण एक महिन्याचे रोप हिरवेगार दिसले म्हणजे निरोगी असे नसते. ज्या उसाचा डोळा, त्याचेच रोग रोपात. नर्सरीवाल्याला विचारा: बेणे कोणाच्या मळ्यातले, कितव्या पिढीचे, लागणीचे की खोडव्याचे, तो मळा आज बघता येईल का? मूळ बेण्याची पावती दाखवतो का? मळा उभा असताना स्वतः जाऊन एक फेरी मारा आणि तिथल्या एखाद्या कोपऱ्यात खोडव्याची बेटे तर मिसळलेली नाहीत ना ते बघा. मळा दाखवायला टाळाटाळ झाली तर रोप कितीही स्वस्त असो, घेऊ नका. लाल कूज किंवा गवताळ वाढ एकदा रानात आली की ती काढायला दोन-तीन हंगाम जातात. आगाऊ पैसे मात्र मळा बघितल्यावरच द्या, आणि जुलैची रोपे हवी असतील तर हे सगळे मेअखेरीच्या आत उरका, जूनमध्ये चांगल्या मळ्यांचे बेणे शिल्लक राहत नाही.